पणजीचं नाव शोधत: महाल ते रामटेक

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५. भाद्रपद वद्य सप्तमी

पुण्याहून रात्रभर गाडीत बसून सकाळी नागपूर स्टेशनला उतरले. पाऊस पडून गेला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. सप्टेंबरातलं नागपूर म्हणजे ओला टॉवेल अंगावर टाकून बसल्यासारखं. बाहेर आल्या आल्या रिक्षावाला म्हणाला, "कुठी जाचं ताई?"

"महाल."

"पित्तरायसाठी आल्या का?"

पिशवीतून दर्भाची जुडी बाहेर डोकावत होती, त्यावरून त्यानं ओळखलं. पुण्यातला दर्भ नागपूरला कशाला आणला हे मलाही सांगता आलं नसतं.

बाबा गेले पौष वद्य दशमीला. मागच्या पौषात वर्षश्राद्ध झालं. वर्षश्राद्ध होईपर्यंत पितृपक्षात त्यांचं काही करायचं नसतं, म्हणून हा पहिलाच पक्ष. तिथी दशमी, म्हणजे मंगळवार. वर्षश्राद्ध पुण्यातच उरकलं होतं. त्यात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीनच नावं लागतात, ती पाठ होती. पक्षातल्या महालयाची यादी लांबलचक. बापाकडचे तीन, मग आई, आजी, पणजी, मग आईच्या माहेरचे, मग काका, आत्या, मामा, मावशी, सासरे, गुरू, मित्र. गेलेल्या सगळ्यांना त्या दिवशी बोलावणं. रामटेकच्या गुरुजींनी फोनवर यादी मागितली आणि मी लिहायला बसले. पणजीपाशी पेन अडलं.

लहानपणी दरवर्षी भाद्रपदात बाबा पाटावर बसून ही नावं घ्यायचे. मी दारात उभी असायचे, लक्ष सगळं स्वयंपाकघरातल्या वड्यांकडे. ती नावं एकदाही नीट कानांवर घेतली नाहीत.

गुरुजींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणतात. बापाचं नाव ठाऊक नसलं तर पृथिवीषद, आजोबाचं अंतरिक्षसद, पणजोबाचं दिविषद. शास्त्रात सोय आहे."

"आणि पणजीचं?"

पलीकडे क्षणभर शांतता. "तीन दिवस आहेत ना? शोधा. नावानं हाक मारलेली बरी."

आता रामटेकच का, हेही सांगते. बाबांचा धरमपेठेतला फ्लॅट आम्ही विकला. आत्याचं घर नागपूरच्या महाल भागात आहे, मोठं आहे, पण ते तिच्या सासरचं. परक्याच्या जागेत श्राद्ध केलं तर त्या जागेच्या मालकाचे पितर त्यावर हक्क सांगतात, असं धर्मशास्त्र म्हणतं. नदीकाठ, डोंगर, अरण्य आणि तीर्थ यांना मात्र मालक नसतो. म्हणून रामटेकचा अंबाळा तलाव. माझ्या धाकट्या भावाला हे ऐकून हसू आलं. "म्हणजे वरच्यांचाही सातबारा असतो!" तो उद्या हैदराबादहून येतोय.

आत्याला विचारलं. ती बाबांची मोठी बहीण, चौऱ्याऐंशीची. पणजी म्हणजे तिची सख्खी आजी.

"आजीचं नाव? आजीला आजीच म्हणायचो आम्ही. आजोबा 'अगं' म्हणायचे. आई 'सासूबाई' म्हणायची. शेजारच्या बाया 'माई'. मी सात वर्षांची होते ती गेली तेव्हा."

चार माणसांनी चार हाका मारल्या, आणि त्यात नाव एकही नाही.

रविवार, १४ सप्टेंबर. वद्य अष्टमी

सकाळी धाकट्याला स्टेशनवरून घेतलं आणि तिथंच तर्री पोहे खाल्ले. कांदा आणि तर्री, पितृपक्षात. आत्याला सांगितलं नाही, पण धाकट्याच्या शर्टावरच्या लाल डागानं सांगितलं.

मग गोकुळपेठेच्या बाजारात. इतर दुकानांना या पंधरवड्यात मंदी असते. सोनं नको, गाडी नको, नवं कापड नको. भाजीवाल्यांची मात्र चांदी. अळू, गवार, कारली, भेंडी, कोहळं, ज्याचं त्याचं श्राद्धाच्या पानात मानाचं स्थान आणि मानाचाच भाव. काळे तीळ, जव, मध, आमसुलं घेतली. माका मिळेना. तिसऱ्या टोपलीवालीकडे मिळाला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. तिनं जुडी हातात दिली आणि म्हणाली, "हे नाही तं पान पुरं होत नाही बाई." श्राद्धाचं सामान विकणारे सगळे निम्मे भटजी असतात.

दुपारी बाबांच्या शाळूसोबत्याकडे गेलो. दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर. अठ्ठ्याहत्तर वर्षं, रेल्वेतून निवृत्त, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. आम्ही का आलोय ते ऐकून काका मोकळेपणानं हसले.

"यादीत मित्र पण असतात म्हणे. माझं नाव घालू नका हां. एक तर मी जिवंत आहे. दुसरं म्हणजे माझी प्रतिज्ञा आहे."

१४ ऑक्टोबर १९५६ला काका नऊ वर्षांचे होते. वडिलांचं बोट धरून गेले होते, पांढरा सदरा घालून. "मला काय समजलं? गर्दी समजली. बापाचा हात घामानं निसटत होता, तो समजला." बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली सहावी आहे: श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. काकांच्या वडिलांनी त्या वर्षीपासून बंद केलं ते कायमचं. मेलेल्याला जेवू घालायला जिवंतपणी कर्ज काढायचं, हे त्यांच्या घरात तिथं संपलं.

आम्ही दोघं जरा अवघडून बसलो होतो. पिशवीतली पत्रावळींची गड्डी पायाशी होती. काकांनीच विषय बदलला.

"तुमची आजी, सीताबाई. मी तुमच्या घरी अभ्यासाला यायचो. मला चहा मिळायचा, पण कप वेगळा. कानतुटका, निळ्या फुलांचा. बाहेर खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. मीच विसळून ठेवायचो."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"आठवीत असताना तुझ्या बाबानं तो कप खिडकीतून खाली टाकला. मुद्दाम. आजीला म्हणाला, पडला. मग दोन दिवस मला चहाच नाही. तिसऱ्या दिवशी पितळी पेल्यात आला, घरातल्या. तुमच्या आजीनं तोंड फिरवूनच दिला, पण दिला." काकांनी आतून चहा आणवला. "तिचं नाव घेशील ना परवा? घे. मी काही वाईट म्हणत नाही तिला. जे होतं ते सांगितलं."

पणजीचं नाव त्यांना कुठून ठाऊक असणार, पण धाकट्यानं विचारलंच. काका म्हणाले, "माझ्या पणजीचं पण मला कुठं ठाऊक आहे बाबू. तिचं नाव लिहिणारं कोणी नव्हतं."

घरी येताना रिक्षात दोघंही गप्प होतो. यादीत सीताबाईंचं नाव मी आधीच लिहिलं होतं. रात्री ते पुन्हा वाचलं तेव्हा त्याला निळ्या फुलांचा कप चिकटला होता. तो काही आता निघणार नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर. अविधवा नवमी

नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची ही तिथी, मग ती वर्षातल्या कुठल्याही दिवशी का गेलेली असेना. पिंड नाही केले तरी सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, बांगड्या-कुंकू द्यायचं. मागे राहिलेला नवरा गेला की नवमी बंद करायची, असं बरेच जण मानतात. आत्याच्या सासूबाई सवाष्ण गेल्या, पण त्यानंतर सासरे जाऊनही चाळीस वर्षं झाली. घरच्या गुरुजींनी तेव्हाच सांगितलं होतं, आता पुरे.

"मी नाही केली बंद," आत्या कोहळं चिरता चिरता म्हणाली. "सासूबाई जेवत होत्या, मी वाढत होते. आता सासरे गेले म्हणून त्यांना उपाशी ठेवू का?"

शास्त्रार्थ तिथं संपला.

स्वयंपाक वहिनी करत होती. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूची पातळ भाजी, गवार, कढी, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण नाही, मसूर नाही. सवाष्ण म्हणून शेजारची कॉलेजात शिकवणारी बाई येणार होती. तिचे पाय धुवायला आत्याला स्टीलची परात चालेना. "माळ्यावर गंगाळ आहे, काढ रे." धाकटा शिडीवर चढला. वरून आधी धूळ आली, मग एक मेलेली पाल, मग दोन पितळी ताटं आणि शेवटी गंगाळ.

ही आमच्याच घरची भांडी. बाबांनी फ्लॅटमध्ये जाताना जागा नाही म्हणून बहिणीकडे टाकलेली.

मी चिंच लावून घासायला बसले. जुन्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं, छिन्नीनं ठोकलेल्या टिंबाटिंबांचं, ते घासताना बोटाला आधी लागतं आणि डोळ्यांना मागून दिसतं. पहिल्या ताटावर काही नव्हतं. दुसऱ्याच्या काठावर हिरवा गंज धरलेला. तिथं अंगठा घासत नेला, तशी ओळ उघडत गेली: कै. यमुनाबाई यांचे स्मरणार्थ, १९४८.

"आत्या! यमुनाबाई!"

आत्या विळीवरून उठली. तिला उठायला वेळ लागतो, पण या वेळी नाही लागला. ताट डोळ्यांजवळ धरून तिनं ते दोनदा वाचलं. "अठ्ठेचाळीस म्हणजे आजीच. मी सात वर्षांची. यमुना होती होय ती." मग बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. सत्त्याहत्तर वर्षांनी आजीची ओळख झाल्यावर माणूस आणखी काय करणार.

मला वाटलं काम झालं. गुरुजींना कळवायला फोन उचलला तेवढ्यात धाकटा म्हणाला, "ताई, गंगाळावर वेगळंच आहे."

गंगाळाच्या कडीखाली, फक्त दोन शब्द: सौ. गोदूबाई.

हे कोण? बदललेलं भांडं असेल, असं मी म्हटलं. पूर्वी कासाराकडे मोड द्यायचे, त्यात अदलाबदल व्हायची. वहिनी म्हणाली, पणजीच्या माहेरचं नाव असेल, लग्नात बदललं असेल. दोन्ही पटण्यासारखं. आत्या मात्र काहीच बोलेना. ती पुन्हा विळीवर बसली, कोहळ्याच्या दोन फोडी केल्या आणि थांबली.

"आजीच्या गळ्यात चांदीचा एक टाक असायचा. काळ्या दोऱ्यात. बाईची मूर्ती होती त्यावर. मी एकदा विचारलं, ही कोणती देवी? तर म्हणाली, देवी नाही, माझी मोठी बहीण. रोज आंघोळ झाली की आधी तिला हळदीकुंकू लावायची, मग स्वतःला. मला वाटायचं खरंच बहीण असेल."

बिजवराशी, म्हणजे पहिली बायको गेलेल्या माणसाशी, लग्न झालेल्या बाईनं पहिलीचा टाक बाळगायचा, तिला आधी नैवेद्य दाखवायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत. सवत म्हणजे भांडण, हे आपण ऐकत आलो. इथं सवत गळ्यात बांधून यमुनाबाईनं जन्म काढला होता. त्यात प्रेम किती आणि धाक किती, ते मी सांगू शकत नाही. पण गोदूबाई पहिली. मूलबाळ मागे न ठेवता, नवरा जिवंत असताना गेलेली. तिची वंशावळ नाही, तिथी नाही, यादीत जागा नाही. उरलं एक गंगाळ.

"सवाष्ण गेली ना ती?" आत्या म्हणाली. "मग नवमी तिचीच की गं आज."

शेजारीण आली तेव्हा तिचे पाय त्याच गंगाळात धुतले. ओटी भरताना आत्यानं आधी सासूचं नाव घेतलं आणि मग, इतक्या हळू की मला ओठांवरूनच कळावं, गोदूबाईचं. शेजारणीनं पोटभर खीर खाल्ली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर. वद्य दशमी

पहाटे भाड्याची गाडी. नागपूर ते रामटेक पन्नासेक किलोमीटर. कामठी मागे टाकली, कन्हानचा पूल आला. नदी गढूळ, दोन्ही काठ भरून. मनसरला वळल्यावर डोंगर दिसतो आणि त्यावरचा गडमंदिराचा कळस.

अंबाळा तलाव रामगिरीच्या पायथ्याशी, तिन्ही बाजूंनी टेकड्यांच्या कुशीत. भोवती दगडी घाट आणि लहान-मोठी देवळं. अंब नावाच्या राजाचं कोड या पाण्यात गेलं म्हणून अंबाळा, अशी कथा सांगतात. पूर्व विदर्भातली माणसं राख आणि पिंड घेऊन इथं येतात. आम्ही आठला पोचलो तर घाटावर पाच-सहा कुटुंबं आधीच बसलेली, मुंडन चाललेली, ओल्या धोतरांच्या रांगा. गुरुजींच्या त्या दिवशी चार जागा होत्या आणि आम्ही तिसरे. थांबा म्हणाले. श्राद्धाची वेळ दुपारचीच, कुतुपकाळ, म्हणजे साधारण साडेअकरा ते साडेबारा, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

मग वेळ होता म्हणून गडावर जाऊन आलो. पायऱ्यांवर वानरांचं राज्य. धाकट्याच्या हातातली केळ्यांची फणी एकानं इतक्या शांतपणे काढून घेतली की दान दिल्यासारखंच वाटलं. ती केळी पानात वाढायची होती. वर तो प्रचंड वराह आहे, त्याच्या पोटाखालून पापी माणूस जाऊ शकत नाही म्हणतात. धाकटा गेला. मी प्रयत्न केला नाही.

वरून नगरधनच्या बाजूची शेतं दिसतात. नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन, वाकाटकांची राजधानी. पाचव्या शतकात प्रभावतीगुप्ता ही राणी मुलं लहान म्हणून इथून राज्य बघत होती. तिचा नंदिवर्धनहून दिलेला ताम्रपट पुढं सापडला तो पुण्यात. त्यात ती वंशावळ सुरू करते ती सासरची नाही, माहेरची. बाप दुसरा चंद्रगुप्त आणि आई नागकुळातली कुबेरनागा. आईचं नाव तांब्यावर कोरून ठेवलंय तिनं. हे मी पूर्वी वाचलं होतं, तेव्हा इतिहास म्हणून वाचलं. आज नखांत चिंचेचा वास होता.

पावणेबाराला आमचा नंबर आला. धाकटा दक्षिणेकडं तोंड करून बसला, जानवं उजव्या खांद्यावर. सव्य, अपसव्य, सव्य, अपसव्य, म्हणजे जानवं कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या. चार वेळा चुकल्यावर गुरुजींनी स्वतःच हातानं फिरवलं. भात, तीळ, तूप, दूध. मध गाडीत राहिलेला. मी ओल्या पायऱ्यांवरून धावत आणला.

यादी बघून गुरुजी थबकले. "पणजीच्या जागी दोन नावं?"

मी गंगाळाची गोष्ट सांगितली. मागे चौथं कुटुंब ताटकळत उभं होतं, गुरुजींचा फोन कमरेला थरथरत होता. ते वैतागतील असं वाटलं. त्यांनी उपरण्यानं घाम पुसला.

"मराठीत अडचण आहे तुमची. एक किंवा अनेक. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे." आणि सुरू झाले. आई वसुरूपा, आजी सीता रुद्ररूपा. तिथं मला कप दिसला, मी तो दिसू दिला. मग "प्रपितामह्योः, गोदायमुनानाम्न्योः, आदित्यरूपयोः." दोघींचा पिंड एक.

धाकट्यानं अंगठा आणि तर्जनीच्या मधून तिळाचं पाणी सोडलं. गुरुजी माझ्याकडे वळले. "तुम्ही पण द्या. तुम्हीच आणल्या ना शोधून." माझ्या तळहाताला तीळ चिकटून राहिले, पाणी गेलं तरी.

यादीच्या शेवटी मित्रांची जागा आली. "कोणी?" गुरुजींनी विचारलं. "आहेत, पण त्यांनी नको म्हटलंय," धाकटा म्हणाला. गुरुजी पुढं गेले.

पिंड तलावात सोडले. कावळ्यांना ठेवलेलं पान वानरांनी नेलं, कावळे देवळाच्या कळसावरून बघत बसले. येताना रामटेकची पानं घेतली, आत्याला कात-चुन्याशिवाय नुसतं चावायला आवडतं म्हणून.

घरी पोचलो तर ती दारातच बसलेली.

"घेतलं नाव?"

"दोघींचं."

"आधी कोणाचं?"

"गोदूबाईचं."

"बरं केलं. मोठी होती ती." पान घडी करून तिनं गालात धरलं. मग धाकट्याला म्हणाली, "आणि ते गंगाळ वर नको टाकू आता. राहू दे खालीच."